वेगळा कप

आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांना 'चहा घेणार का' असं विचारायची कोणाची छाती नव्हती. चुकून कोणी विचारलंच तर ते हो म्हणत नसत आणि नाहीही म्हणत नसत. "पाणी नळाचं की मशीनचं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. "आणि भांडं कुठलं? काल ज्यात फोडणी दिली तेच ना?" हा दुसरा. त्यातून एखादी बाई भाबडेपणानं "बसा हो, टाकते पटकन" म्हणाली की संपलंच. "टाकू नका. टाकायला तो कचरा आहे का? करणार असाल तर करा, नाहीतर मी आपला पाणी पितो." दुसऱ्याच्या दारात उभं राहून त्याच्याच बायकोला असं सुनवायचं, हा कुठला शिष्टाचार झाला? मला पहिल्या दिवसापासून या माणसाचा राग यायचा. तरीही दर रविवारी सकाळी दहा वाजता मी त्यांच्याकडे जाऊन बसायचे, आणि त्याचाही राग यायचा.

मुलुंड पूर्वेला, नाहूरच्या बाजूला आमची चार मजल्यांची, बिनलिफ्टची जुनी सोसायटी आहे. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, ते बरोबर आमच्या डोक्यावर तिसऱ्या. एका चहाच्या कंपनीत पस्तीस वर्षं चहा चाखायची नोकरी करून ते रिटायर झाले होते. अशी नोकरी असते हेच आधी कोणाला पटत नसे. बिल्डिंगमधली पोरं त्यांना टेस्टरकाका म्हणू लागली आणि मग मोठेही. बायको वारलेली, एकुलती मुलगी लग्न होऊन बंगळूरला. माझे सासरे होते तेव्हा दोघं रोज सकाळी बरोबर फिरायला जात, म्हणून माझ्या सासूबाई त्यांना भाऊजी म्हणत आणि ते त्यांना वहिनी. मी भांडुपच्या शाळेत सातवीला शिकवते, म्हणून मी मास्तरीणबाई. हे मास्तरीणबाई ते अशा सुरात म्हणायचे की आपलं काहीतरी चुकलंय आणि ते यांना कळलंय, असं वाटून जायचं.

त्यांच्या भुरक्याबद्दल सांगितलंच पाहिजे. सोसायटीच्या सत्यनारायणाला गच्चीवर सगळे जमलेले, गुरुजी कथा संपवून टेकलेले, आणि चहा आला. काकांनी पहिला भुरका मारला तो असा की गुरुजींनी दचकून वळून पाहिलं. कोणीतरी हसलं. काका शांतपणे म्हणाले, "तोंडात वारा घेतल्याशिवाय चहा जिभेच्या मागे पोचत नाही. तुम्ही लोक चहा पीत नाही, गिळता." मग त्यांनी दुसरा भुरका मारला, थोडा वेळ तो गालात फिरवला आणि कठड्यापाशी जाऊन खालच्या कुंडीत थुंकला. म्हणे, "दूध जळलंय." चहा सेक्रेटरींच्या मिसेसनी केला होता. त्या बाई पुढे सहा महिने त्यांच्याशी बोलल्या नाहीत, आणि मी त्यांच्या जागी असते तर मीही बोलले नसते.

'चहा पावडर' हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. "पावडर तोंडाला लावतात. ही पत्ती आहे, झाडाचं पान आहे, कोणीतरी एकेक करून खुडलंय." कोपऱ्यावर अमृततुल्यची पाटी लागली तेव्हा ते मालकाला विचारून आले, "अमृत प्यायलाय का हो तुमच्यात कोणी? मग तुल्य कशावरून ठरवलंत?" पुढे गुळाचा चहा आला, मग मडक्यातला आला, मग इम्युनिटीवाला आला, आणि प्रत्येक पाटीसमोर उभं राहून त्यांनी भांडण काढलं. आलं घातलेला चहा त्यांच्या मते काढा होता. "खोकला झालाय का?" असं ते विचारत. नाही म्हटलं की, "मग आलं कशाला? चहाचं तोंड दाबायला?"

एवढं सगळं असूनही अर्ध्या बिल्डिंगचा चहा तेच बनवून देत. म्हणजे मिश्रण. त्याचीही पद्धत होती. आधी ते तुमच्या स्वयंपाकघरात येणार, गॅसची आच बघणार, दूध म्हशीचं की गाईचं ते विचारणार, सकाळचं नळाचं पाणी बाटलीतून वर नेऊन उकळून बघणार. घरात साखर कोणाला चालत नाही, कोणाला कडक लागतो, सगळं एका वहीत लिहून घेणार. मग आठवड्यानं खाकी पुडी हातात ठेवणार, वर फ्लॅटचा नंबर. आमच्या पुडीवर '२०३' लिहिलेलं असायचं. तो चहा खरोखर आमचाच असायचा. माझा नवरा कोणत्याही गोष्टीला चांगलं म्हणत नाही, पण त्या चहाला त्यानं एकदा "हं, बरा आहे" म्हटलं होतं.

आणि त्यांचे स्वतःचे कप. काचेच्या कपाटात ओळीनं लावलेले. दार्जिलिंगचा कप वेगळा, आसामचा वेगळा, निलगिरीचा वेगळा. एकात दुसरा ओतला तर जुन्या चहाचा वास नव्याला लागतो, असं त्यांचं म्हणणं. खरं असेल नसेल, पण त्या कपाटाला हात लावायची परवानगी कोणालाही नव्हती. त्यांच्याकडे केर-लादीला सुनंदा यायची, तीच आमच्याकडे भांडी आणि कपडे करते. तिलाही सांगून ठेवलेलं, कपाटापासून हातभर लांब.

रविवारी दहा वाजता त्यांचं दार उघडं असे. आम्ही पाच-सहा जण जमत असू. ते घड्याळ लावून चहा करत, एकेकाला देत, आणि मग सगळ्यांच्या तोंडाकडे बघत बसत. मला तेव्हा ते हावरेपणाचं वाटायचं, कौतुकासाठी. खरं तर आठवड्यात तेवढाच एक तास त्या घरात माणसांचा आवाज असायचा. सोमवार ते शनिवार त्यांच्या घरातून फक्त रेडिओ ऐकू यायचा. रविवारची ती बैठक हेच त्यांचं घर होतं, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. म्हणून त्यांची बोलणी खाऊनही आम्ही जात होतो.

माझ्या कपाटात चहाचे मोठे मग होते. नवऱ्याला ऑफिसात मिळालेले, मुलाला बक्षीस मिळालेले, जाडजूड, प्रत्येकावर इंग्रजीत सकाळबद्दल काहीतरी लिहिलेलं. एक दिवस काका म्हणाले, "मास्तरीणबाई, वाचायला घरी पेपर येत नाही का?" मला झोंबलं. म्हटलं, तुम्हीच चला आणि निवडून द्या. घाटकोपरला स्टेशनजवळ क्रॉकरीचं एक दुकान आहे, तिथे आम्ही गेलो. त्या दुकानदाराची मला आजही दया येते. काकांनी चाळीसेक कप उचलले. प्रत्येक कप उजेडासमोर धरायचा आणि पलीकडून बोटं फिरवायची. बोटांची सावली दिसली तर कप चांगला. मग काठावर नखानं टिचकी, आणि कान लावून आवाज ऐकायचा. शेवटी दुकानदार म्हणाला, "अंकल, लेने का है कि सिर्फ बजाने का है?"

"बजेगा तो लेंगे," काका म्हणाले.

सहा पांढरे कप आणि सहा बशा घेतल्या. काठाला एक बारीक निळी रेघ, बाकी काही नाही. पातळ इतके की घरी येईपर्यंत मी पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

त्या कपांचं उद्घाटन काकाच करणार हे ठरलेलंच होतं. जुलैतला शनिवार, दुपारचे साडेतीन. जूनमध्ये खुडलेला दार्जिलिंग नुकताच आला होता, तो ते स्वतः घेऊन आले. आमच्या स्वयंपाकघरात शिरले, मला बाजूला केलं, सकाळचं भरून ठेवलेलं नळाचं पाणी गॅसवर ठेवलं. आई, म्हणजे सासूबाई, दारापाशी खुर्ची घेऊन बसल्या होत्या. पाण्याला आधण यायची वाट बघत काका इकडेतिकडे नजर फिरवत होते, आणि ती खिडकीवर जाऊन थांबली. तिथे ग्रिलपाशी, घासणीच्या डबीशेजारी, एक कप पालथा घातलेला होता.

"हा कुठला कप, वहिनी?"

आई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "अहो भाऊजी, राहू दे तो. तो वेगळा आहे."

"वेगळा?"

आणि मला ते अजून दिसतं. एवढा आनंद मी त्या तोंडावर कधीच पाहिला नव्हता. त्यांनी दोन्ही हातांनी तो कप उचलला, उजेडासमोर धरला, पलीकडून बोटं फिरवली. चारही बोटं स्पष्ट दिसली. टिचकी मारली. कप असा वाजला की गॅसजवळ उभ्या असलेल्या मलाही ऐकू आला. "बोन चायना. आणि जुना. सोन्याची रेघ घासून गेली, पण अंग बघा त्याचं! मी इतकी वर्षं तुमच्याकडे येतो आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत? कशासाठी ठेवलात वेगळा? दार्जिलिंगसाठी?"

आईंनी माझ्याकडे पाहिलं. मी आईंकडे पाहिलं.

"हो, म्हणजे... तसंच," आई म्हणाल्या.

तो कप सासऱ्यांना ऑफिसातून मिळालेल्या सेटमधला शेवटचा. बाकीचे पाच फुटले, बशाही गेल्या. एकट्या कपाचं करायचं काय, म्हणून तो सुनंदाला लावून दिला होता. पाच वाक्यं लागली असती हे सांगायला. मी वर्गात चाळीस पोरांसमोर तास-तास बोलते, आणि त्या दिवशी माझ्या तोंडून पाच वाक्यं निघाली नाहीत. दुसऱ्या कोणालाही 'वेगळा आहे' म्हटलं असतं तर लगेच कळलं असतं. आपल्याकडे हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. या एका माणसालाच तो कळला नाही, कारण त्याच्या घरात कप खरोखरच चहासाठी वेगळे असायचे.

त्यांनी आम्हाला नव्या कपांत चहा दिला आणि स्वतः खिडकीतला कप घेतला. टेबलापाशी बसून पहिला भुरका मारला, डोळे मिटले. "फार चांगलं केलंत, वहिनी. अशी वस्तू घरच्या गर्दीत मिसळू द्यायची नसते. तिची तिची जागा पाहिजे." आई खाली बघत होत्या.

चार वाजता सुनंदा आली. चप्पल काढली, आत गेली, नेहमीसारखा खिडकीकडे हात नेला.

"ताई, माझा कप कुठाय?"

काकांच्या हातात तो अर्धा भरलेला होता. ते तिच्याकडे बघत राहिले.

"हा तुमचा आहे?"

"हां, माझाच. चौदा वर्षं झाली."

त्यांनी हातातल्या कपाकडे पाहिलं. मग टेबलावरच्या ट्रेकडे. दोन कप आमच्या हातात होते, चार कोरे होते. आई गडबडीनं म्हणाल्या, "अगं, आज दुसऱ्यातून घे," आणि त्यांनी खालचा खण ओढून हळदीकुंकवाचे उरलेले कागदी कप काढले. वाईट मनानं नाही. नुसत्या सवयीनं. आणि त्या सवयीचाच मला आज जास्त संताप येतो, कारण चार कोरे कप समोर होते, तिच्या डोळ्यांसमोर, आणि आईंचा हात तिकडे गेलाच नाही. माझाही नाही गेला.

सुनंदानं कागदी कपाकडे पाहिलं. "राहू द्या, आजी. आज नको मला चहा." तिनं साडीचा पदर खोचला आणि नळ सोडला.

काका उठले. उरलेला चहा त्यांनी मोरीत ओतला. चांगला चहा त्यांनी ओतून दिलेला मी तेवढाच पाहिला. मग घासणी घेतली.

"काका, ठेवा, मी घासते ना," सुनंदा म्हणाली.

"प्यायलो मी. घासणार मी."

सावकाश, आतून, बाहेरून, बुडाखाली घासला. खिशातल्या रुमालानं पुसला आणि ट्रेमध्ये त्या चार कोऱ्या कपांच्या ओळीत नेऊन ठेवला. मग ओट्यावरची दार्जिलिंगची पुडी उचलली आणि दारापाशी गेले.

"कप चहासाठी वेगळा ठेवतात, वहिनी," ते म्हणाले. "माणसासाठी ठेवत नाहीत. हा चहा मी परत नेतो."

आमच्या घरात येऊन, आमच्या टेबलापाशी बसून, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला असं बोलायचं! आणि आणलेली वस्तू परत न्यायची! आईंनी संध्याकाळी जेवायला नको म्हटलं. नवरा आल्यावर त्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "म्हातारा जास्तच करतो यार." मला राहवेना. मी जिना चढून वर गेले आणि दारातच सुरू केलं.

"काका, तुम्ही समजता कोण स्वतःला? चौदा वर्षं सुनंदा आमच्याकडे आहे. तिच्या मुलीची फी, तिचं आजारपण, सगळं आम्ही बघतो. तुम्ही आमच्या स्वयंपाकघरात येऊन दूध पाहिलंत, पाणी पाहिलंत, आच पाहिलीत, खिडकीतला कप तुम्हाला आज दिसला? आणि तुमच्या घरीही सुनंदाच येते ना? नऊ वर्षं केर काढते तुमचा. तिला कधी एक कप चहा विचारलात? आमच्याकडे वेगळा तरी होता!"

ते खुर्चीवर बसले. कपाटाकडे पाहिलं. मग म्हणाले, "नाही विचारला. कपाटाला हात लावू नकोस, एवढंच सांगितलं होतं."

मी जिंकले होते. खाली येऊन पोटभर जेवले. त्या जेवणाची आज आठवण झाली तरी लाज वाटते.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम गेले, बघू आता काय तोंड दाखवतात म्हणून. आम्ही सहा जण होतो. पाणी उकळत होतं, पण त्यांनी चहा केला नाही. उभे राहून म्हणाले, "आधी एक विचारायचंय. कामाला येणाऱ्या बाईचा कप घरात वेगळा आहे, असं किती घरी आहे? माझं मी आधी सांगतो. माझ्याकडे वेगळाही नव्हता. मी नऊ वर्षं विचारलंच नाही."

आमच्यातल्या रिटायर्ड पोस्टमास्तरांनी घड्याळ पाहिलं. मग सेक्रेटरी म्हणाले, "काका, तो हायजिनचा प्रश्न आहे."

"तुमची ताटं, वाट्या, चमचे कोण घासतं? तेव्हा हायजिन कुठे जातं?"

चौथ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "आमच्या बाईलाच वेगळा आवडतो."

"विचारलं होतंत तिला?"

"हे बघा, आम्ही इथे चहा प्यायला येतो. शाळेत नाही आलोय."

"मग ज्यांच्याकडे वेगळा कप आहे त्यांना माझा चहा मिळणार नाही. रविवारचाही नाही आणि पुडीचाही नाही."

असा उद्धटपणा! एकेक जण उठला. सेक्रेटरी, चौथ्या मजल्यावरच्या बाई, ते रिटायर्ड पोस्टमास्तर, सगळे. मीही उठले. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज सुरू झाले. 'प्रत्येकाचा खाजगी प्रश्न आहे.' 'एकटे राहून डोक्यावर परिणाम होतो.' 'तो चहा तसाही बेचवच असायचा.' हे शेवटचं लिहिणारे गृहस्थ दर महिन्याला त्यांच्याकडून दोन पुड्या न्यायचे. मला त्याचाही राग आला, पण मी त्यावर काही लिहिलं नाही. कोणीच लिहिलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी दहा वाजता वरचं दार उघडल्याचा आवाज आला. भांडं वाजलं. मग बराच वेळ काही नाही, आणि मग एकट्याचा भुरका. चौथ्या मजल्यावरची माणसं त्या उघड्या दारावरून जात-येत होती. पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्याही. मी आमच्या हॉलमध्ये वह्या तपासत बसायचे आणि कान वर लागलेले असायचे. त्यांच्याकडे एवढा एक तास होता आणि तो त्यांनी एका प्रश्नापायी घालवला. 'जाऊ दे, चुकलं' असा एक शब्द बोलले असते तरी सगळे परत गेले असते. ते बोलले नाहीत. आम्ही एक कप उचलून दुसऱ्या जागी ठेवला असता तरी झालं असतं. तेही आम्ही केलं नाही, कारण आता तो कपाचा प्रश्न राहिला नव्हता. त्या माणसानं म्हटलं म्हणून करायचं? ही आमची सगळ्यांची अढी होती, आणि तिच्यात मी सगळ्यांच्या पुढे होते.

वरच्या बातम्या मला सुनंदाकडून कळायच्या. एक दिवस ती भांडी घासताना एकटीच हसत होती.

"काय गं?"

"अहो ताई, ते काका. मला म्हणतात, बसा, सुनंदाबाई, चहा घ्या. टेबलावर हां! त्या कपाटातला कप. मी घेतला तर नुसतं पिवळं पाणी. मी म्हटलं, काका, राग मानू नका, हे मला नाही चालत. मला दूध पायजे, साखर पायजे, आलं पायजे, आणि चांगला उकळलेला पायजे."

"मग? ओरडले असतील."

"ओरडतात कसले! गप बसले जरा. दुसऱ्या दिवशी गेले तर ओट्यावर आलं किसून ठेवलेलं. बाजारातून स्वतः घेऊन आले. पण उकळायला येत नाही त्यांना. दोन मिनिटांत उतरवतात. मी शिकवलं."

पस्तीस वर्षांच्या नोकरीनंतर त्या माणसाला सुनंदानं चहा उकळायला शिकवलं. मला हसू यायला हवं होतं. मला वाटला तो मत्सर.

त्या दिवशी मी ठरवलं. आई दुपारच्या झोपल्या होत्या. मी निळ्या रेघेचा नवा कप काढला, बशी काढली, आलं घालून चहा केला आणि टेबलावर ठेवला. "सुनंदा, ये. बस. आजपासून यातूनच घ्यायचा." एवढं बोलतानाही मला स्वतःचं कौतुक वाटत होतं, हे मी लपवत नाही.

ती ओले हात पदराला पुसत आली. कपाकडे पाहिलं. बसली नाही.

"नको ताई."

"अगं, का? आता वेगळा-बिगळा काही नाही."

"आता नाही ना. चौदा वर्षं होता." तिचा आवाज चढला नव्हता, आणि तेच मला सहन होत नव्हतं. "तुमचे सगळे कप मीच घासते, ताई. कोणी उष्टा ठेवला, कोणी लिपस्टिक लावली, सगळं मला माहीत आहे. माझा कप तुमच्यापैकी कोणी कधी घासलात? त्या दिवशी काकांनी घासला. पयल्यांदा. मी उभी राहून बघत होते." मग म्हणाली, "तुम्ही वाईट नाही हो. पण नको. वर पिऊन आले मी."

आणि तिनं तो भरलेला कप उचलून माझ्यासमोर ठेवला. मी तो प्यायले. फार गोड झाला होता.

मार्चमध्ये काका बाथरूममध्ये घसरले. हाड मोडलं नाही, पण मुलगी आली आणि तिनं त्यांना बंगळूरला न्यायचं ठरवून टाकलं. मग मी वर गेले. तोपर्यंत कपाट अर्धं रिकामं झालं होतं, कप वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरायचं चाललं होतं. बोलायचं होतं ते सगळं जिन्यात पाठ केलं होतं. दारात पोचल्यावर त्यातलं काहीच आठवेना.

"या, मास्तरीणबाई," ते म्हणाले. "बंगळूरचं पाणी कसं असतं, माहीत आहे का?"

"नाही हो."

"मशीनचंच असणार. वाट लागली." त्यांनी एक कप उजेडासमोर धरला, सवयीनं, आणि गुंडाळला. "सुनंदाबाई पितात का आता तुमच्याकडे?"

"नाही."

"विचारता का?"

"रोज विचारते."

"रोज म्हणजे केव्हापासून?"

मी खाली बसले आणि त्यांना कप गुंडाळायला मदत केली. त्यांनी हात लावू दिला.

आता आमच्या घरी वेगळा कप नाही. बिल्डिंगमध्ये आणखी दोन घरी नाही, असं ऐकते. बाकीच्यांचं तसंच चाललंय, आणि ग्रुपवर अधूनमधून कोणीतरी लिहितं की काकांच्या पुडीसारखा चहा कुठे मिळेल. त्यांना मी उत्तर देत नाही. दिलं तर भांडण होईल.

सुनंदा चारला येते. मी तो जुना धरून सातही कप ओट्यावर मांडून विचारते, "सुनंदा, चहा घेणार?"

"नको ताई," ती नळ सोडत म्हणते. "वर पिऊन आले."

वरच्या दाराला मार्चपासून कुलूप आहे.